ताशी दहा किलोमीटर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण मराठीत पानभर लिहायची वेळ शेवटची आली ती दहावीच्या बोर्डाला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल दे, पण झोप येईल असं नको, अशी अट आमच्या संपादक मंडळाने घातली होती. खूप विचार केला आणि शेवटी विषय सुचला तो आजीमुळे.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्यावर आम्ही सगळे खोपोलीला इमॅजिकात गेलो होतो. दादा आणि माझी चुलत भावंडं नायट्रोच्या रांगेत पळाली. नायट्रो म्हणजे पायाखाली फरशीच नसलेला रोलर कोस्टर. पाय हवेत लोंबकळतात आणि गाडी उलटीपालटी होते. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी, तरी माझी काही हिंमत झाली नाही. मी आणि आजी सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बाकावर बसलो. आजी बराच वेळ वर बघत होती. मग तिने विचारलं, की हीच गाडी जरा हळू सोडता येत नाही का, म्हणजे आपल्यालाही बसता येईल. मी हसले. रोलर कोस्टर आणि हळू?

नंतर दुसऱ्या वर्षाला लायब्ररीत सहज चाळताना कळलं, की हसायचं काही कारण नव्हतं. अमेरिकेत ज्या रोलर कोस्टरपासून हा सगळा धंदा सुरू झाला तो ताशी साधारण दहा किलोमीटरनेच धावायचा. म्हणजे सायकलपेक्षाही हळू. तो बनवणारा माणूस होता लामार्कस ॲडना थॉम्पसन. त्याचीच ही गोष्ट.

थॉम्पसनचा जन्म १८४८ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. लहानपणापासून हाताला कामाची सवय. बाराव्या वर्षी त्याने आईसाठी लोणी काढायचं यंत्र आणि वडिलांसाठी बैलगाडी बनवली म्हणतात. (मी बाराव्या वर्षी सायन्स एक्झिबिशनसाठी थर्माकोलचा ज्वालामुखी केला होता, तोही बाबांनी.) सतरा-अठराव्या वर्षी तो तयार सुतार झाला होता. पुढे थोडे दिवस मिशिगनमधल्या हिल्सडेल कॉलेजात गेला, मग इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी स्थायिक झाला.

तिथे त्याने काय करावं? पायमोजे! बिनशिवणीचे पायमोजे विणायचं यंत्र त्याने तयार केलं, कंपनी काढली आणि ती चांगली चालली. म्हणजे तिशी ओलांडेपर्यंत हा माणूस यशस्वी कारखानदार होता आणि रोलर कोस्टरशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण कामाच्या ताणाने तब्येत ढासळली. कारखान्यातला हिस्सा विकून त्याला बाहेर पडावं लागलं. आजच्या भाषेत बर्नआउट. इथे दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. थॉम्पसनच्या डोक्यात मात्र एक जुनी गोष्ट घोळू लागली.

ती समजण्यासाठी थोडं मागे जायला हवं. घसरगुंडीची मजा काही अमेरिकेने शोधलेली नाही. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडी मचाणावर बर्फाचे उतार बनवत आणि लोक त्यावरून घसरत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये तेच उतार चाकांच्या गाड्यांनी केले गेले. आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक गावी १८२७ पासून एक वेगळीच रेल्वे होती. डोंगरावरच्या खाणीतला कोळसा सुमारे चौदा किलोमीटर खाली नदीकाठी आणायचा, तोही इंजिनाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं, आणि ती खेचरं खाली येताना गाडीत बसून यायची! नंतर वर ओढायला वाफेची इंजिनं आली. पुढे कोळसा दुसऱ्या मार्गाने जाऊ लागला, तेव्हा ही रेल्वे बंद न करता माणसं बसवून चालवली. लोक पैसे देऊन कोळशाच्या रेल्वेत फिरायला लांबून येऊ लागले.

थॉम्पसनने यातून एक साधा हिशोब केला. लोकांना डोंगरापर्यंत न्यायच्या ऐवजी डोंगरच लोकांपर्यंत आणायचा. लोक कुठे जमतात? न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर. तिथे रविवारी तोबा गर्दी व्हायची. दारूचे गुत्ते, जुगार, घोड्यांच्या शर्यती असं सगळं होतं. थॉम्पसन धार्मिक वृत्तीचा, लहान मुलांना रविवारच्या शाळेत धर्माचे धडे देणारा माणूस. तरुण पोरांनी गुत्त्यात पैसे उडवण्यापेक्षा उन्हात, मोकळ्या हवेत काहीतरी निर्मळ मजा करावी असं त्याला वाटायचं. मला ही गोष्ट फार गंमतशीर वाटते. आज रोलर कोस्टर म्हणजे थरार, किंकाळ्या, ॲड्रेनलिन. त्याचा धंदा उभा करणारा माणूस मात्र संस्कारवर्ग घेणारा होता!

जून १८८४ मध्ये त्याची स्विचबॅक रेल्वे सुरू झाली. समोरासमोर दोन लाकडी मनोरे, सुमारे पन्नास फूट उंच. मध्ये सहाशे फुटांचे दोन समांतर मार्ग, समुद्राच्या लाटांसारखे खालीवर होणारे. गाडी म्हणजे एक लांब बाक, लोक त्यावर बाजूला तोंड करून बसायचे, म्हणजे समुद्र बघत बघत जाता यावं. पहिल्या मनोऱ्यावरून गाडी सोडली की ती घरंगळत दुसऱ्या मनोऱ्याशी पोचायची. तिथे सगळ्यांनी उतरायचं, कामगार गाडी दुसऱ्या मार्गावर ढकलत नेऊन वर चढवायचे, लोकांनी जिने चढायचे आणि परतीचा प्रवास. भाडं पाच सेंट.

इथे आपल्यातल्या इंजिनिअरला शंका यायला पाहिजे. पन्नास फूट म्हणजे पंधरा मीटर. पंधरा मीटर उंचीवरून गाडी सरळ खाली आली, तर घर्षण सोडून वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास यायला हवा. मग ताशी दहाच कसा? कारण थॉम्पसनने ती उंची एकदम खर्चच केली नाही. उतार अगदी सौम्य, थोडं खाली, पुन्हा थोडं वर. सहाशे फुटांना साधारण एक मिनिट लागायचं. त्याच्याकडे उंची होती, वेग काढणं शक्य होतं, पण त्याला टोप्या सांभाळत बसणाऱ्या बायका, मुलं, म्हातारी माणसं गाडीत हवी होती. आणि ती आली. रांगा लागल्या. काही आठवड्यांत बांधकामाचा खर्च वसूल झाला.

जानेवारी १८८५ मध्ये त्याला या रचनेचं पेटंट मिळालं. पण खरं सांगायचं तर कल्पना पूर्णपणे त्याची नव्हती. १८७८ मध्ये रिचर्ड नडसेन नावाच्या माणसाने जवळजवळ अशाच उताराच्या रेल्वेचं पेटंट घेतलं होतं. त्याचा नमुना कागदावरच राहिला, थॉम्पसनने लाकूड आणून, खिळे ठोकून, तिकीट लावून तो प्रत्यक्षात आणला. आपल्याकडे प्रोजेक्टच्या फाइली कपाटात धूळ खात पडतात, त्या बघताना मला नडसेनची आठवण येते.

आणि आता गोष्टीतला कठीण भाग. इतकं यश मिळाल्यावर थॉम्पसन निवांत बसला असेल असं वाटतं ना? पण पहिलं वर्ष संपायच्या आतच तो मागे पडला. १८८४ मध्येच चार्ल्स अल्कोकने कोनी आयलंडवरच दोन्ही टोकं जोडून लंबगोल मार्ग बांधला. जिथे बसलात तिथेच परत, मध्ये उतरायची भानगड नाही. १८८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिलिप हिंकलने आणखी पुढची पायरी गाठली. प्रवासी बसलेली गाडीच यंत्राने वर ओढली, बाक समोर तोंड करून लावले आणि उतार जास्त मोठा ठेवला. म्हणजे सर्किट, लिफ्ट, वेग, तिन्ही बाबतींत थॉम्पसनची स्विचबॅक जुनी झाली. एका वर्षात!

माझा अंदाज होता की तो आता आणखी उंच, आणखी वेगवान काहीतरी बांधेल. आपण तेच केलं असतं. शेजारच्या ग्रुपने दोन मोटर लावल्या की आपण चार लावतो. थॉम्पसनने प्रतिस्पर्ध्यांच्या चांगल्या सुधारणा घेतल्या, स्वतःच्या सुधारणांची एकामागून एक पेटंटं काढली, पण वेगाच्या शर्यतीत तो उतरलाच नाही. त्याने प्रश्नच बदलला. गाडी किती जोरात जाते याऐवजी, गाडीतल्या माणसाला काय काय दिसतं, हा त्याचा प्रश्न झाला.

१८८७ मध्ये अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर त्याची सीनिक रेल्वे उभी राहिली. सीनिक म्हणजे देखाव्यांची. गाडी अंधाऱ्या बोगद्यात शिरायची, आणि ती जवळ आली की तिच्यामुळेच खटका दाबला जाऊन विजेचे दिवे लागायचे. समोर रंगवलेला भव्य देखावा, बायबलमधले प्रसंग, फुलांची आरास. पुन्हा अंधार, पुन्हा दुसरा देखावा. लक्षात घ्या, न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं होतं. त्यानंतर फक्त पाच वर्षांनी, बहुतेकांच्या घरी अजून रॉकेलचे दिवे असताना, हा माणूस गाडीच्या चाकाने दिवे लावत होता. आपण इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये लिमिट स्विच जोडतो ना, तोच प्रकार.

लोक खुळावले. १८८८ पर्यंत अमेरिकेत आणि युरोपात मिळून त्याचे जवळजवळ पन्नास कोस्टर झाले होते. इंग्लंडमध्ये स्केगनेस इथे तर १८८५ मध्येच स्विचबॅक पोचली होती. १८९५ मध्ये त्याने एल. ए. थॉम्पसन सीनिक रेल्वे कंपनी स्थापन केली.

१८९५ हे साल मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. कारण त्याच वर्षी कोनी आयलंडवर दुसरं टोक गाठलं गेलं. फ्लिप फ्लॅप नावाच्या कोस्टरमध्ये गाडी संपूर्ण उभ्या वर्तुळात उलटी फिरवली, व्यास सुमारे पंचवीस फूट. मेकॅनिक्सच्या पेपरला हमखास येणारं गणित आठवा. गोल लूपमध्ये माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल इतका वेग घेतला, तर तळाशी माणसावर वजनाच्या सहापट भार येतो. आणि सरळ मार्गावरून वर्तुळात शिरताना हा भार हळूहळू नाही, एकदम येतो. फ्लिप फ्लॅपमध्ये लोकांच्या माना दुखावल्या. १९०१ मध्ये लंबगोल लूपचा कोस्टर आला, तो बरा होता, पण त्यात बसणाऱ्यांपेक्षा लांबून बघणारेच जास्त. लूप खऱ्या अर्थाने परतला तो १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात. जर्मन डिझायनर अँटोन श्वार्झकोफ आणि इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल यांनी पाण्याच्या थेंबासारखा लूप वापरला. त्यात त्रिज्या तळाशी मोठी आणि वर जाताना हळूहळू लहान होते, म्हणून मानेला झटका बसत नाही. म्हणजे उत्तर सापडायला ऐंशी वर्षं लागली. थॉम्पसनला ते गणित येत होतं की नाही ठाऊक नाही, पण माणसाची मान किती सहन करते हे त्याला नक्की कळत होतं.

त्याच्या हाताखाली एक पोरगा होता, जॉन मिलर. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो थॉम्पसनकडे लागला आणि पुढे त्याचा मुख्य इंजिनिअर झाला. एकोणिसाव्या वर्षी! या मिलरने पुढे शंभरावर पेटंटं घेतली. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं समजावून सांगायला मला आमच्याच फजितीचा आधार घ्यावा लागेल.

दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचा कोस्टर केला होता आणि गाडी म्हणून काचेची गोटी. पहिला उतार झकास. दुसऱ्या उंचवट्यावर गोटी जी उडाली ती थेट सरांच्या कपाटाखाली. कारण सोपं आहे. उंचवट्याच्या माथ्यावर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त झालं, की गाडी मार्ग सोडते. थॉम्पसनच्या काळच्या गाड्या आमच्या गोटीसारख्याच होत्या. खाली चाकं, बाजूला चाकं, पण गाडीला खाली धरून ठेवणारं काहीच नाही. म्हणून वेग मर्यादित ठेवावा लागे आणि सीनिक रेल्वेत गाडीवर ब्रेकमन उभा राहून वेग सांभाळायचा. मिलरने रुळाच्या खालच्या बाजूने आणखी एक चाक लावलं. आता रूळ वर-खाली दोन्हीकडून चाकांच्या पकडीत. गाडी उडणार कशी? या रचनेचं पेटंट त्याला १९१९ मध्ये मिळालं. पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कमधला त्याचा १९२० चा जॅक रॅबिट याच चाकांच्या जोरावर दोन उतार लागोपाठ घेतो.

आणि त्याच १९१९ साली थॉम्पसन लाँग आयलंडवरच्या आपल्या घरी वारला. गुरू गेला, आणि शिष्याने त्याच वर्षी वेगाचं कुलूप उघडलं. १९२० चं दशक मग उंच, तीव्र उतारांच्या लाकडी कोस्टरचं ठरलं. थॉम्पसनच्या हळू गाड्या म्हाताऱ्या दिसू लागल्या. पुढे १९२९ च्या मंदीत बागाच बंद पडत गेल्या आणि शेकडो कोस्टर मोडीत निघाले.

म्हणजे थॉम्पसन हरला? मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढचा ट्रेंड बघा. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं. १९५९ मध्ये तिथे मॅटरहॉर्न आला. पोलादी नळीचे रूळ, जे हव्या त्या दिशेला वाकवता येतात. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने ही क्रांतीच. पण लोकांना काय दिसलं? बर्फाचा डोंगर! १९७५ मध्ये फ्लोरिडात स्पेस माउंटन आला. त्याचा वेग ताशी जेमतेम ४५ किलोमीटर, पण पूर्ण अंधार आणि आजूबाजूला तारे, त्यामुळे बसणाऱ्याला वाटतं आपण रॉकेटमध्ये आहोत. बोगदा, अंधार, दिवे, देखावा. थीम पार्क या शब्दातलं थीम म्हणजे हेच, आणि ते १८८७ मध्ये अटलांटिक सिटीत होतं.

दुसऱ्या बाजूला उंचीची शर्यतही चालू राहिली. १९८९ मध्ये दोनशे फुटांचा टप्पा ओलांडला, २००० मध्ये तीनशेचा, २००३ मध्ये चारशेचा. २००५ मध्ये न्यू जर्सीत किंगडा का आला. १३९ मीटर उंच, ताशी २०६ किलोमीटर. तेव्हा जगात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान. बसल्यापासून अर्ध्या मिनिटात खेळ खलास. २०२४ मध्ये तो बंद केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकं लावून पाडला. वीस वर्षंसुद्धा टिकला नाही. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ ची लाकडी सीनिक रेल्वे, गाडीवर उभ्या ब्रेकमनसकट, अजून धावते.

गेल्या दिवाळीत मी आजीला ही सगळी गोष्ट सांगितली. तिची सूचना किती बरोबर होती, तिच्या मनातली गाडी १८८४ मध्येच कशी झाली होती, वगैरे वगैरे. मला वाटलं ती खूश होईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. पलीकडच्या टोकाला उतरून पुन्हा जिना चढायचा म्हणालीस, मग माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनी काय करायचं?

मी गप्प. वेग, उंची, ऊर्जा सगळं काढलं होतं मी, पण जिना माझ्या गणितात कुठेच नव्हता. अल्कोक आणि हिंकल यांनी जो दोष सुधारला तो हाच. मी त्यांना नुसते वेगाच्या मागे लागलेले प्रतिस्पर्धी समजत होते, आणि आजीच्या गुडघ्यांची सोय तर त्यांनीच केली होती. थॉम्पसनचं मोठेपण यात, की हे त्याला पटलं आणि त्याने ते घेतलं. गाडी कोणासाठी आहे हे एकदा पक्कं असलं, की कोणाची सुधारणा घ्यायची आणि कोणत्या शर्यतीत उतरायचं नाही हे आपोआप कळत असावं.

पुढच्या सेमिस्टरला आमचा फायनल इयर प्रोजेक्ट ठरायचा आहे. विषय अजून पक्का नाही. पण पहिला आराखडा गाइडच्या आधी आजीला दाखवायचा, एवढं ठरलंय.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल